पार्श्वभूमी: शाळेतलं इलेक्ट्रॉनिक्स ट्रेनिंग आणि करंटच्या दिशेचं भांडण

हायस्कूलच्या पोरांना इलेक्ट्रॉनिक्स हाताने करायला लावायचं हा प्रकार रेडिओबरोबर सुरू झाला, त्याआधी शाळेचं वर्कशॉप म्हणजे सुतारकाम, लोखंडकाम, फार तर वायरिंग. अमेरिकेत 1917 च्या कायद्याने शाळांमधल्या धंदेशिक्षणाला केंद्राचा पैसा मिळायला लागला. पण या विषयाला वळण दिलं ते दुसऱ्या महायुद्धाने. रडार आणि वायरलेस सांभाळायला हजारो तरुण घाईघाईत तयार करायचे होते, मग गणित कमी आणि हातकाम जास्त अशी पुस्तकं निघाली आणि पुढे व्होकेशनल वर्गांवर त्यांचीच छाप पडली.

आता यात एक निर्णय असा झाला की त्याचा घोळ अजून निस्तरला नाहीये. करंट प्लसकडून मायनसकडे जातो हे 1750 च्या आसपास प्लस-मायनस ठरलं तेव्हापासून चालत आलं. 1897 मध्ये इलेक्ट्रॉन सापडला आणि कळलं की तारेत जे खरंच हलतं ते उलटं जातंय. इंजिनिअर लोकांनी जुनीच दिशा ठेवली, गणिताला काही फरक पडत नाही म्हणून. टेक्निशियनच्या, विशेषतः लष्करी कोर्सेसनी मात्र इलेक्ट्रॉनची दिशा धरली, आणि त्या वेळी ते पटण्यासारखंच होतं, कारण समोर व्हॉल्व्ह होता, म्हणजे हवा काढलेली काचेची नळी. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतो, प्लेटकडे जातो, मधली ग्रिड म्हणजे जाळी त्याला कमी-जास्त अडवते. पंधरा वर्षांच्या मुलाला यापेक्षा सोपं काय सांगणार?

1947 च्या डिसेंबरात व्हॉल्व्हचंच काम करणारा छोटासा ट्रान्झिस्टर आला आणि गाडी अडली. डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) आणि ट्रान्झिस्टर यांच्या चिन्हातला बाण जुन्या दिशेने काढलेला, म्हणजे वर्कशॉपमधल्या पोराने प्रत्येक सर्किट बाणाच्या उलट वाचायचं. त्यात पी-टाइप सेमीकंडक्टरमधले होल्स, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, ते समजावताना तर मास्तरांचीच दमछाक. तोच मुलगा फिजिक्सच्या तासाला कॉइलचा उत्तर ध्रुव ओळखायला उजव्या हाताचा नियम (बोटं करंटच्या दिशेने, अंगठा ध्रुवाकडे) शिकायचा आणि दुपारी वर्कशॉपमध्ये डाव्या हाताचा. दोन्ही बरोबर, उत्तर एकच, पण पोरगं गोंधळणारच ना. माझ्या मते यात शास्त्रापेक्षा प्रतिष्ठेचा भाग मोठा होता. धंदेवाल्या मुलांची पुस्तकं वेगळी, पुढे इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांची वेगळी, आणि एका वाटेवरून दुसरीकडे यायचं तर आधी शिकलेलं उलटं करून घ्या. हे ओझं कोणावर पडलं ते सांगायला नको.

मल्टिमीटरनेही मदत केली नाही. काट्याचा मीटर ओहमवर, म्हणजे रोध मोजायला ठेवला की आतल्या बॅटरीचा प्लस बहुतेक मीटरमध्ये काळ्या प्रोबला येतो, म्हणून चांगला डायोड काळी प्रोब ॲनोडला (डायोडच्या प्लस टोकाला) लावल्यावर काटा हलवतो. डिजिटल मीटर आले तसं ते लालवर गेलं. एकाच बेंचवर दोन्ही मीटर असले की अर्धा तास चांगला डायोड खराब ठरवण्यात जायचा.

ट्रान्झिस्टर आल्यानंतरची पंचवीस-तीस वर्षं या ट्रेडचा सुवर्णकाळच म्हणा, ट्रान्झिस्टर रेडिओ जोडा, त्यातले 455 किलोहर्ट्झचे आयएफ (मधल्या फ्रिक्वेन्सीचे) ट्रान्सफॉर्मर ट्यून करा, कलर टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर 25 हजार व्होल्टच्या आसपास असतात म्हणून एक हात खिशात घालून काम करा. 1972 मध्ये 555 टायमर (ठरावीक वेळाने चालू-बंद करणारी चिप) बाजारात आला आणि एलईडी लुकलुकवणे हा सगळीकडचा पहिला प्रोजेक्ट झाला, तो अजूनही आहेच. 

मग मात्र रिपेअरिंगच आटलं. पार्ट एसएमडी झाले, म्हणजे बोर्डच्या पृष्ठभागावरच सोल्डर करायचे, 0603 मापाचा रेझिस्टर म्हणजे 1.6 बाय 0.8 मिलिमीटर, तो नेहमीच्या जाड टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने बसवून दाखवा. 2006 पासून युरोपात बहुतेक उपकरणांमधून शिसं हद्दपार झालं, 183 अंशांना वितळायला लागणाऱ्या सोल्डरच्या जागी 217 च्या पुढचं आलं आणि जुनी आयर्नं कमी पडायला लागली. 2005 मध्ये आर्डुइनो, 2012 मध्ये रास्पबेरी पाय, 2016 मध्ये मायक्रोबिट, सगळी कोड घालून चालवायची तयार बोर्डं. इनपुट, आउटपुट, कोड. मुलं खूश, शाळाही खूश, कारण शॉक बसायची भीती नाही आणि रोबोट प्रदर्शनात मांडता येतो. पण बोर्ड बंद पडला तर बदलायचा, आत करंट कुठून कुठे जातो हा प्रश्नच येत नाही. दिशेचं भांडण सुटलं नाही, नुसतं मागे पडलं.

नव्या पुस्तकांमध्ये आता बहुतेक ठिकाणी प्लसकडून मायनस हेच असतं, काही दोन्ही देतात. शाळेच्या कपाटातलं जुनं पुस्तक वापरणार असाल तर आधी कॉइलचा धडा उघडून डावा हात दिलाय की उजवा तेवढं बघून घ्या.