पार्श्वभूमी : सेंट्रालिया, ‘ब्रँच’वर जगलेलं गाव

अमेरिकेत दक्षिण इलिनॉयमधलं सेंट्रालिया एका काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) मावत नाही. गावाचा मोठा भाग मॅरियनमध्ये आहे, बाकीचा क्लिंटन, वॉशिंग्टन आणि जेफरसनमध्ये. रेल्वेच्या आधी इथे मोजणीदार येऊन गेले होते. सरकारी जमीनमोजणीचं तिसरं मुख्य रेखावृत्त (मोजणीसाठी धरलेली उत्तर-दक्षिण रेषा) आणि त्याची पूर्व-पश्चिम आधाररेषा गावाच्या दक्षिणेला एकमेकांना छेदतात आणि काउंट्यांच्या हद्दी याच रेषांवर पडल्या आहेत. शेजारच्या वॅमॅकचं नाव तर वॉशिंग्टन, मॅरियन आणि क्लिंटन यांची आद्याक्षरं जोडूनच झालं. मॅरियनमधलं सर्वांत मोठं गाव असूनही काउंटीची कचेरी मात्र सेलमला.

गाव १८५३चं, नाव ‘इलिनॉय सेंट्रल’ या रेल्वे कंपनीच्या ‘सेंट्रल’वरून. १८५०च्या कायद्याने या रेल्वेसाठी रुळांच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा मैलांपर्यंतचे एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे दिले, एकूण जवळपास २६ लाख एकर. उरलेल्या तुकड्यांचा सरकारी दर एकरी सव्वा डॉलरवरून अडीच डॉलर झाला. म्हणजे सरकारचं नुकसान नाही, असा हिशेब मांडला गेला. वाढीव दर भरला तो शेतकऱ्याने.

सेंट्रालियाला ‘मुख्य मार्गावरचं गाव’ म्हणतात, पण घोळ आहे तो ‘मेन लाइन’ या शब्दाचा. कायद्यातली मेन लाइन केरोपासून, म्हणजे ओहायो-मिसिसिपी संगमापासून, उत्तरेला इलिनॉय-मिशिगन कालव्याच्या टोकापर्यंत जाणारी. एक ब्रँच (फाटा) तिथून पुढे गलीनाकडे, आणि दुसरी शिकागोला. शिकागोची ही ब्रँच सेंट्रालियाच्या किंचित उत्तरेला फुटते. आज हे वाचून चकित व्हायला होतं, पण १८५०मध्ये शिकागोची वस्ती ३० हजारांच्या आसपास होती आणि माल नदीने जायचा. सप्टेंबर १८५६मध्ये मेसन गावाजवळ शेवटचे रूळ जोडून ७०५ मैलांचं काम पुरं झालं, तेही या ब्रँचवरच. पुढच्या पंधरा वर्षांत शिकागो तीन लाखांवर गेलं. वाहतूक तिकडे वळली आणि ब्रँच हीच खरी मेन लाइन झाली. कागदावरच्या मेन लाइनचा बराचसा भाग १९८०च्या दशकात उखडला गेला. गावाला ‘मुख्य मार्गावरचं गाव’ म्हणणारी वर्णनं बरोबर आहेत, पण कुठल्या मुख्य मार्गावरचं ते त्यांनी सांगायला हवं. दोन्ही मार्ग इथे एकत्र येत, इंजिनं बदलत, म्हणून दुरुस्तीचे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर पगारदार वस्ती.

कोळसा जमिनीखालीच होता. २५ मार्च १९४७ रोजी ५ क्रमांकाच्या खाणीत कोळशाच्या धुळीने पेट घेतला. आत १४२ माणसं होती, त्यातली १११ गेली. धुळीबद्दल राज्याच्या निरीक्षकाने वारंवार लिहून दिलं होतं. वर्षभर आधी कामगार संघटनेच्या चार पदाधिकाऱ्यांनी आमचे जीव वाचवा असं पत्र राज्यपालांना पाठवलं होतं. त्या चौघांतले तिघे मृतांत होते. याला अपघात म्हणणं मला पटत नाही. खाणमालक कंपनीला दंड झाला तो १,००० डॉलर. खाणसुरक्षेचा कडक केंद्रीय कायदा १९५२मध्ये आला, तोही इलिनॉयमधल्याच वेस्ट फ्रँकफर्टच्या खाणीत आणखी ११९ माणसं मेल्यावर.

१९३०च्या दशकाच्या अखेरीस आसपास तेल लागलं आणि १९४०च्या जनगणनेत वस्ती १६ हजारांवर पोचली. तेलाचा भर ओसरला, वाफेची इंजिनं गेली, कारखान्यांतली माणसं कमी झाली. २०१०मध्ये १३,०३२, २०२०मध्ये १२,१८२. शिकागोहून येणाऱ्या तीन प्रवासी गाड्या रोज इथे थांबतात, जुन्या ब्रँचवरून येऊन.