आरशासाठी डॅम्पर मागवण्याआधी: वारंवारता मोजली कुठे?

‘आरसा 62 हर्ट्झला थरथरतो, डॅम्पर पाठवा.’ अवकाश दुर्बिणींवर काम करणाऱ्यांकडून अशा एका ओळीच्या मागण्या सतत येतात. डॅम्पर म्हणजे आरशाची थरथर शोषून घेणारे, लवचिक पट्ट्यांवर झुलणारे छोटे वजन; तो आम्ही बनवतो. अशा मागणीवर आमचा प्रश्न ठरलेला असतो: हे 62 मोजले कुठे?

बहुतेकदा उत्तर येते, टेबलावरच्या जिगमध्ये, म्हणजे आरसा घट्ट धरणाऱ्या साच्यात. घोळ इथेच होतो. उड्डाणात आरसा बायपॉडवर (दोन पायांच्या आधारांवर) आणि त्यांच्यामागच्या चौकटीवर बसतो. ही जोडणी जिगपेक्षा लवचिक असल्याने तोच आरसा 58 हर्ट्झवर येऊ शकतो.

चार हर्ट्झने काय बिघडते? डॅम्परचे हलते वजन आरशाच्या मोडल मासच्या (त्या थरथरीत प्रत्यक्ष भाग घेणाऱ्या वजनाच्या) 2 टक्के धरा. मग डॅम्पर आरशाच्या वारंवारतेच्या 98 टक्क्यांवर जुळवावा लागतो आणि त्याचे डॅम्पिंग सुमारे 8.4 टक्के ठेवावे लागते. एवढे साधले की अनुनादाचे शिखर, म्हणजे तेवढ्याच स्थिर बलाने आरसा जितका हलला असता त्याच्या तुलनेत थरथर, 10 पटींवर येते. 62 साठी जुळवलेला डॅम्पर 58 च्या आरशावर बसवला, तर शिखर 20 पटींवर अडकते. आरशाचे स्वतःचे डॅम्पिंग पाव टक्का असेल तर उघडे शिखर 200 पट असते, म्हणजे डॅम्पर काम करतोच आहे. पण चाचणीत नापास होतो आणि ‘सदोष’ शेरा घेऊन आमच्याकडे परत येतो.

‘थोडे वजन लावून जुळवून द्या’ हेही नेहमीचेच. 62 वरून 58 वर उतरायला हलते वजन 14 टक्के वाढवावे लागते. ते चकत्यांनी भागत नाही, फ्लेक्शरच (वजन पेलणाऱ्या लवचिक पट्ट्या) बदलावे लागतात आणि चाचण्या पहिल्यापासून कराव्या लागतात. म्हणून उड्डाणाच्या जोडणीत मोजलेल्या कंपनाचा आलेख हातात आल्याशिवाय आम्ही फ्लेक्शर कापत नाही. यात आठवडा जातो हे मान्य, पण नंतरचे महिने वाचतात.

मोजताना आरसा उड्डाणाच्याच बायपॉडवर हवा, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळलेले. चौकट रबरी दोरांवर टांगा; टांगणीची वारंवारता 6 हर्ट्झच्या खाली राहू द्या. नायलॉन टोकाच्या हातोडीने मागच्या कडेवर टिचकी मारा आणि लेझर व्हायब्रोमीटरने (स्पर्श न करता कंपन मोजणाऱ्या उपकरणाने) मोजा. त्याऐवजी ॲक्सेलरोमीटर (कंपन मोजणारा संवेदक) चिकटवला आणि त्याचे वजन मोडल मासच्या 1 टक्का भरले, तर वारंवारता अर्धा टक्का खाली दिसते. शिवाय केबल खोटे डॅम्पिंग दाखवते. पातळ आरशाबरोबर हवाही हलते, म्हणून शेवटचे मोजमाप व्हॅक्यूममध्येच.

कामाचे तापमान न विसरता कळवा. अतिथंडीत रबर काचेसारखे होते, म्हणून तिथे आम्ही चुंबक आणि तांब्याची पट्टी वापरतो; चुंबक हलला की पट्टीत उठणारे विद्युतप्रवाह त्याला रोखतात. पण थंडीत तांब्याची विद्युतवाहकता वाढते आणि डॅम्पिंगही वाढते, तेव्हा तो हिशेब आधीच धरावा लागतो.

कंपनाचा उगमही तपासा. 1990 मध्ये सोडलेल्या हबलची सौर पाने सावली-उन्हाच्या सीमेवर 0.1 हर्ट्झच्या आसपास डोलायची. ती 1993 मध्ये बदलावी लागली. असल्या झोक्यावर 60 हर्ट्झचा डॅम्पर निरुपयोगी. उगम रिॲक्शन व्हील (दुर्बीण वळवणारे फिरते चाक) असेल तर त्याच्या फेऱ्यांचा पल्ला पाठवा. मिनिटाला 3600 फेऱ्यांना असंतुलनाचा ठोका बरोबर 60 हर्ट्झवर पडतो. तो वेग टाळता येत असेल तर तसे आम्ही कळवू. मग कदाचित डॅम्पर घ्यावाच लागणार नाही.