नवीन किचन करताय? शटरचा रंग नंतर, आधी लेआउट

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक मोबाईलमध्ये फोटो घेऊन येतात, आणि पहिला प्रश्न असतो की हा ग्रे कलर मिळेल का. मिळेल, सगळे कलर मिळतात. पण रंग आवडला नाही तर शटर, म्हणजे कपाटाचं दार, चार वर्षांनी पण बदलता येतं, सिंक चुकीच्या जागी गेलं किंवा ओट्याची उंची चुकली तर मात्र टाइल्स फोडल्याशिवाय सुटका नाही. म्हणून हे माहितीपत्रक मुद्दाम लेआउटवर लिहिलंय, ऑर्डर आम्हाला द्या किंवा दुसऱ्या कुणाला द्या, टाइल्स लावायच्या आधी एकदा घरातल्या सगळ्यांनी वाचा.

उंची कुणाची धरायची?

जे रोज ओट्याशी उभे राहतात त्यांची, बाकी कुणाची नाही. बिल्डरने दिलेला ओटा साधारण ३२ ते ३४ इंचाचा असतो आणि तो कुणाचंच माप न घेता बांधलेला असतो. सोपी पद्धत सांगतो. चप्पल घालून किचनमध्ये वावरत असाल तर चप्पल घालून, सरळ उभं राहा, हात कोपरात काटकोनात वाकवा, कोपरापासून जमिनीपर्यंत टेपने मोजा आणि त्यातून ५ ते ६ इंच वजा करा. ३८ इंच भरले तर ओटा ३२-३३, ४१ भरले तर ३५ च्या आसपास.

पोळ्या लाटताना हे सगळ्यात जास्त जाणवतं. पोळपाट ओट्यावर ठेवला की एक-दीड इंच आणखी वर जातो, ओटा उंच असेल तर लाटताना खांदे वर उचलले जातात, जोर मनगटातून लावावा लागतो आणि पंधरा-वीस पोळ्या होईस्तोवर मान आणि खांदा भरून येतो, आणि ओटा बुटका असेल तर सगळं कंबरेवर येतं. शेगडीचं पण तेच. पायांची शेगडी ओट्यावर आणखी ४-५ इंच चढते, त्यावर कुकर ठेवला की कमी उंचीच्या माणसाला आत नीट दिसत पण नाही. ग्रॅनाइट कापून आत बसवायचा हॉब घेतला तर ही उंची वाचते, फक्त हॉबच्या खाली येणारा सगळ्यात वरचा ड्रॉवर पूर्ण मिळत नाही एवढं धरून चाला.

एक गोष्ट बरेच जण उशिरा सांगतात, डिशवॉशर. पूर्ण साइजचा डिशवॉशर ६० सेंमी रुंद आणि वरचं झाकण काढून साधारण ८२ सेंमी, म्हणजे ३२ इंचाच्या थोडा वर उंच असतो, त्यावर ग्रॅनाइटची जाडी धरली की ओटा ३३-३४ च्या खाली नेताच येत नाही. आज घ्यायचा नसेल पण दोन वर्षांनी घ्यायचा विचार असेल तरी आत्ताच सांगा, सिंकच्या शेजारी जागा, पाण्याचा कॉक आणि ड्रेनचा पॉइंट काढून ठेवू.

फ्रिज, सिंक, शेगडी

स्वयंपाक करताना माणूस फ्रिजमधून भाजी काढतो, सिंकमध्ये धुतो, चिरतो, मग शेगडीवर जातो. याच क्रमाने जागा लागल्या तर येरझाऱ्या कमी होतात. सिंक आणि शेगडीच्या मध्ये निदान २ फूट, जमलं तर ३ फूट मोकळा ओटा पाहिजे, कारण खरं काम तिथेच होतं, चिरणं, कणीक मळणं, लाटणं सगळं. शेगडीच्या दुसऱ्या बाजूला पण जागा सोडा, उतरवलेला कुकर, गरम कढई कुठे ठेवणार? शेगडी भिंतीला किंवा फ्रिजला चिकटवून कधीच नको.

समजा किचन ८ बाय १० आहे, पुण्यातल्या टू बीएचकेमध्ये या साइजच्या आसपासची बरीच किचन्स दिसतात, आणि ८ फुटी भिंतीत अडीच फुटाचं ड्राय बाल्कनीचं दार आहे. तिथे आम्ही बहुतेक वेळा एल शेप सुचवतो. दाराशेजारच्या उरलेल्या साडेपाच फुटात खिडकीखाली सिंक, म्हणजे खरकटी भांडी तिथूनच ड्राय बाल्कनीत जातात आणि भांड्यांच्या मावशींना पूर्ण किचन ओलं करत यावं लागत नाही. १० फुटाच्या भिंतीवर कोपऱ्याचे २ फूट सोडून ३ फूट कामाचा ओटा, मग अडीच फूट शेगडी आणि शेवटी अडीच फूट मोकळे. फ्रिज समोरच्या भिंतीला. ओट्याचे २ फूट आणि फ्रिजचे अडीच गेले तरी मध्ये साडेतीन फूट राहतात, एक जण स्वयंपाक करत असताना मागून दुसरा जाऊ शकतो. पॅरलल, म्हणजे समोरासमोर दोन ओटे हवे असतील तर मधली जागा साडेतीन ते चार फूट धरा, तीन फुटात ट्रॉली उघडली की माणूस अडकतो.

एलच्या कोपऱ्यात ओट्याखाली जी अंधारी जागा उरते तिच्यासाठी मॅजिक कॉर्नर, गोल फिरणारा कॅरोसल असं बरंच काही मिळतं आणि ते महाग असतं. बजेट ताणलेलं असेल तर तिथे साधा कप्पा करून दिवाळीची मोठी कढई, चकलीचा सोऱ्या, वर्षातून दोनदा लागणारी पातेली ठेवा, वाचलेले पैसे रोज उघडणाऱ्या ट्रॉल्यांच्या चांगल्या चॅनलवर, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्यांवर घाला. ओट्याच्या वरचा कोपरा मात्र मिक्सरसाठी एकदम बेस्ट, तिथे उभं राहून कुणी काम करत नाही, फक्त पॉइंट तिथे काढला पाहिजे.

शेगडी खिडकीखाली नको. वाऱ्याने बर्नर विझतो, गॅस सुटत राहतो आणि फोडणीचं तेल डासांच्या जाळीवर बसून ती चिकट होते.

वास्तू पाळत असाल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, आम्ही त्यावर वाद घालत नाही. आग्नेयेला शेगडी, स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला, हे ड्रॉइंगमध्ये बऱ्याचदा बसतं. अडचण येते ती सिंकची, कारण फ्लॅटमध्ये ड्रेनची लाइन बिल्डिंगच्या डक्टमध्ये (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या जागेत) जिथे आहे तिथेच राहणार, सिंक तिथून जितकं लांब नेऊ तितका पाइपला उतार द्यावा लागतो आणि उतार कमी पडला की चोकअप सुरू.

गॅस आणि चिमणी

१४.२ किलोचा सिलिंडर उंचीला दोन फुटाच्या थोडा वर असतो, वर रेग्युलेटर, आणि खाली स्कर्टिंगचे (कपाटाखालच्या पट्टीचे) ४ इंच धरले तर कॅबिनेटमध्ये तो बसतच नाही. म्हणून सिलिंडरच्या कॅबिनेटला आम्ही तळ ठेवत नाही, सिलिंडर सरळ फरशीवर किंवा चाकाच्या स्टँडवर. दोन शेजारी ठेवायचे तर आतून अडीच फूट रुंदी लागते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खाली साचतो, त्यामुळे त्या शटरला जमिनीलगत जाळी किंवा भोकं हवीतच, शटरचा लूक बिघडतो म्हणून ती काढायला सांगू नका, आम्ही काढणार नाही. पाइप गॅस असेल तर तो हवेपेक्षा हलका, तिथे वरच्या बाजूने हवा खेळती लागते आणि मीटर बंद कपाटात कोंडायचा नाही. पाइप सरकवायचा असेल तर गॅस कंपनीचीच माणसं बोलवा, प्लंबरला हात लावू देऊ नका.

चिमणी शेगडीपासून साधारण २६ ते ३० इंचावर, दोन-तीन बर्नरला ६० सेंमी, चारला ९० सेंमी. आपल्याकडच्या फोडण्या आणि तळणाला डक्टवालीच, म्हणजे पाइपने धूर बाहेर सोडणारीच बरी, साधारण ६ इंचाचा पाइप आणि वळणं जितकी कमी तितकं चांगलं, प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायला सोसायटीची परवानगी आधी घ्या. बीम किंवा कॉलम मध्ये आला तर भोक नाही म्हणजे नाही, चिमणीची जागा बदलू.

लाइट आणि पॉइंट

इथे कंजूषी नको. फ्रिज, मायक्रोवेव्ह, मिक्सर, वॉटर प्युरिफायर, चिमणी, इंडक्शन किंवा किटली आणि घरघंटी, एवढं तर जवळपास प्रत्येक घरात निघतंच. इंडक्शन, मायक्रोवेव्ह, घरघंटी यांना १६ अँपिअरचे पॉइंट स्वतंत्र वायरिंगने, एकाच बोर्डवर मल्टीप्लग लावून चालवू नका. ओट्यावरचे बोर्ड ओट्यापासून ८-१० इंच वर आणि सिंकपासून लांब. ट्यूब छताच्या मध्यभागी असली की ओट्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर आपलीच सावली चिरायच्या भाजीवर पडते, म्हणून वरच्या कपाटाखाली पुढच्या कडेला एलईडी पट्टी घ्या, खर्च थोडा आणि उपयोग रोजचा.

वरची कपाटं १२ इंच खोल, ओट्यापासून २२ ते २४ इंच वर. वर उचलायचं शटर दिसतं छान, पण हात पोचत नसेल तर ते उघडंच राहतं, मग साधी बिजागरीच बरी.

मटेरियल, थोडक्यात

सिंकखाली आणि ओल्या जागी ७१० ग्रेडचं (पाण्यात टिकणारं) प्लाय किंवा पीव्हीसी बोर्ड, तिथे पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ आम्ही वापरत नाही, पाणी लागलं की फुगतात. स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या ३०४ ग्रेडच्या घ्या, कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ घर असेल तर त्यात तडजोड नकोच, खाऱ्या हवेत हलकं स्टील लगेच गंजतं. ओट्याला काळा ग्रॅनाइट अजूनही सगळ्यात बिनघोर. पांढरा क्वार्ट्ज सुंदर दिसतो पण त्यात रेझिन असतं, शेगडीवरून उतरवलेला कुकर डायरेक्ट ठेवला तर डाग पडतो किंवा तडकतो. संगमरवर नको, लिंबू-चिंचेने पॉलिश जातं.

आणि तुमचा जुना ओटा कडप्प्याच्या खांबांवर असेल, ग्रॅनाइट चांगलं असेल, उंची पण जमत असेल, तर तो फोडू नका. दोन कडप्प्यांच्या मधल्या गाळ्यात ट्रॉल्या बसवता येतात, थोडी जागा वाया जाते पण खर्च आणि घरातली धूळ दोन्ही खूप वाचतं. असं काम आम्ही आनंदाने करतो, छोटं आहे म्हणून टाळत नाही.

कामाचा क्रम

आधी ड्रॉइंग, मग प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकची तोडफोड, मग टाइल्स, मग ओटा, आणि त्यानंतर आम्ही फायनल माप घेतो. प्लास्टर आणि टाइल्सने भिंत इंच-दीड इंच पुढे येते, कोपरे पण क्वचितच काटकोनात असतात, त्यामुळे कच्च्या भिंतीच्या मापावर शटर कापायला देत नाही. कोटेशन कुठूनही घ्या, फक्त रनिंग फुटाचा, म्हणजे लांबीच्या दर फुटाचा रेट ऐकून तुलना करू नका, आत ट्रॉल्या किती, चॅनल कुठले, चिमणीचं फिटिंग, जीएसटी धरून की सोडून, हे सगळं कागदावर लिहून मागा.

पहिल्या मापाला येऊ तेव्हा एवढं तयार ठेवा: फ्रिजची रुंदी, उंची, खोली आणि दार कुठल्या बाजूला उघडतं ते, घरातला सगळ्यात मोठा कुकर आणि सगळ्यात मोठं पातेलं, डाळ-तांदूळ-कणकेच्या डब्यांची उंची, घ्यायच्या असलेल्या मशिन्सची यादी, आणि देवघर किचनमध्येच ठेवायचं का ते. आणि रोज स्वयंपाक जे करतात ते त्या वेळी घरी हवेत, ते नसतील तर फोन करा, दुसरा दिवस ठरवू.