सोन्याच्या विस्कळीत कणांतून तर्कद्वारे

संगणकाच्या चिपमधील प्रत्येक ट्रान्झिस्टर आधी ठरवलेल्या जागीच यावा लागतो, आणि तो जितका लहान होत जातो तितकी ही शिस्त सांभाळणे महाग पडते. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी ही शिस्तच बाजूला ठेवली. सेंद्रिय रेणूंचे पातळ आवरण असलेले, सुमारे २० नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे कण त्यांनी विद्युतअग्रांच्या (इलेक्ट्रोडच्या) मधोमध, जेमतेम २०० नॅनोमीटर रुंदीच्या जागेत, जसे पडतील तसे पडू दिले. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले.

इतक्या लहान कणावर एक जरी इलेक्ट्रॉन चढला, तरी त्याचा ऋणभार पुढच्या इलेक्ट्रॉनला अडवतो, आणि ठरावीक व्होल्टेज मिळाल्याशिवाय वाट मोकळी होत नाही. असे अनेक कण एकमेकांवर परिणाम करू लागले की प्रवाहाची वागणूक चमत्कारिक होते: कधीकधी व्होल्टेज वाढवल्यावर प्रवाह चक्क घटतो. तर्कद्वार म्हणजे आलेल्या संकेतांवरून ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देणारे सर्किट; त्याच्या ‘एक्सॉर’ प्रकाराला नेमके हेच हवे असते, कारण त्यात एकच संकेत आल्यास उत्तर ‘होय’, पण दोन्ही आल्यास ‘नाही’ असते.

कोणत्या अग्राला किती व्होल्टेज द्यावे, हे अशा पसाऱ्यात आधी गणिताने काढणे जवळपास अशक्यच. म्हणून संगणकाने व्होल्टेजचे यादृच्छिक संच तपासले, त्यांतले बरे निवडले, त्यांची सरमिसळ करून किंचित फेरफार केले आणि पुन्हा तपासले. या निवडीतून कणांचा तोच पुंजका कधी ‘अँड’ (दोन्ही संकेत आले तरच ‘होय’), कधी ‘ऑर’ (किमान एक आला तरी ‘होय’), तर कधी ‘एक्सॉर’ झाला.

या पद्धतीचा पूर्वज १९९६चा आहे. ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन यांनी १ आणि १० किलोहर्ट्झचे स्वर ओळखणारे सर्किट असेच ‘उत्क्रांत’ केले, तेव्हा मुख्य सर्किटला न जोडलेले काही भाग निष्क्रिय केल्यावरही त्याचे काम बिघडे. माणसाने आखलेल्या सर्किटात असे सहसा घडत नाही!

सोन्याच्या कणांचे उपकरण मात्र ५ केल्विनहून कमी, म्हणजे उणे २६८ अंश सेल्सिअसच्याही खालच्या तापमानातच चालते. त्याहून अधिक उष्णतेत इलेक्ट्रॉन ती अडवणूक सहज ओलांडतात. २०२० साली ट्वेंटेच्याच गटाने सिलिकॉनमधील बोरॉन अणूंचे जाळे वापरून सामान्य तापमानापर्यंत मजल मारली. माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. एका पुंजक्याला लागू पडलेले व्होल्टेज दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही, त्यामुळे कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक उपकरणाला त्याचे काम स्वतंत्रपणे शिकवावे लागेल.