ॲप काढलं म्हणजे व्हॉट्सॲप खातं गेलं?

‘सिम बंद केलं, ॲप काढून टाकलं, म्हणजे जुनं खातं संपलं,’ हा समज वर्षानुवर्षं घराघरांत फिरतोय. तो चुकीचा आहे. ॲप काढल्यावर फक्त आपल्या फोनमधलं ॲप जातं. खातं कंपनीच्या सर्व्हरवर काही काळ तसंच राहतं, गटांमध्ये आपलं नावही दिसत राहतं.

बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, सर्वोच्च न्यायालयात हेच सांगितलं होतं. तेव्हा २०२३ मध्ये न्यायालयानेही म्हटलं, की जुन्या नंबरशी जोडलेली व्हॉट्सॲपची माहिती पुसण्याची काळजी ग्राहकाने घ्यावी. नवा ग्राहक आपले जुने चॅट वाचेल, ही भीती सोडा; ते त्याला वाचता येत नाहीत. पण आपल्यासाठी पाठवलेले निरोप त्याच्याकडे जाऊ शकतात, आणि ते पुरेसं गंभीर आहे.

नंबर बदलणार असाल तर खातं डिलीट करूच नका. सेटिंग्जमध्ये ‘खाते’ उघडून ‘नंबर बदला’ निवडा. गट आणि सेटिंग्ज नव्या नंबरवर येतात, जुन्या नंबरचं खातं आपोआप मिटतं. व्हॉट्सॲप कायमचं सोडायचं असेल तरच ‘खाते हटवा’.

हे सगळं जुनं सिम चालू असतानाच करा. ॲप आधीच काढलं असेल, तर परत शिरायला त्याच नंबरवर ओटीपी लागतो. आईवडिलांचे फोन बदलून देताना तर हे आवर्जून बघा. आणि हो, बँक व आधारला जोडलेला नंबर वेगळा बदलावा लागतो.