वार्तांकनातील मुस्लिमविषयक पूर्वग्रह : सांगली-सातारा

मुस्लिम व्यक्ती, वस्ती किंवा घटनेची बातमी देताना गरज नसताना धर्म पुढे आणणे, किंवा गरज असताना तो ठरावीक साच्यातच मांडणे, याला वार्तांकनातील मुस्लिमविषयक पूर्वग्रह म्हणतात. उघड खोटी बातमी हा त्याचा लहानसा भाग. बातमी खरीच असते. पूर्वग्रह तिच्या मथळ्यात, तिला मिळालेल्या जागेत आणि न झालेल्या पाठपुराव्यात असतो.

२०११च्या जनगणनेनुसार सांगली जिल्ह्यात मुस्लिमांचे प्रमाण सुमारे साडेआठ टक्के, तर साताऱ्यात पाच टक्क्यांच्या आसपास आहे. मुल्ला, मुजावर, शिकलगार, आतार, बागवान, तांबोळी ही इथली नेहमीची आडनावे. त्यामुळे गुन्ह्याच्या बातमीत आरोपीचा धर्म वेगळा लिहावा लागत नाही, आडनावच ते काम करते. कौतुकाच्या बातमीत मात्र उलटे घडते. मिरजेची सतार शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी नावारूपाला आणली. तिच्यावरच्या लेखात ते 'मिरजेचे कलावंत' असतात. हे योग्यच आहे. हाच न्याय गुन्ह्याच्या पानावर लागत नाही, एवढीच तक्रार.

'विशिष्ट समाज', 'दोन गट', 'तणावपूर्ण शांतता', 'आक्षेपार्ह पोस्ट' हे या वार्तांकनाचे कायमचे शब्द. दंगलीच्या वृत्तात समुदायांची नावे टाळावीत हा संकेत जुना आणि सद्हेतूचा, पण 'विशिष्ट समाज' म्हणजे कोण हे वाचकाला पहिल्या ओळीतच कळते. 'दोन गट' अधिक फसवा. १० सप्टेंबर २०२३च्या रात्री सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी (ता. खटाव) येथे जमावाने मशिदीवर हल्ला केला, त्यात एका मुस्लिम तरुणाचा मृत्यू झाला आणि जिल्ह्यात इंटरनेट बंद ठेवावे लागले. तरीही अनेक मथळ्यांत घटना 'पोस्टवरून दोन गटांत राडा' अशीच आली. मथळा पोस्टपासून सुरू झाला की हल्ला हा तिचा परिणाम ठरतो आणि मेलेल्या माणसाकडे बोट वळते.

करोनाकाळातील इस्लामपूरचे प्रकरण तपशिलाने पाहण्यासारखे आहे. मार्च २०२०मध्ये सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातील चौघे बाधित आढळले आणि आठवडाभरात रुग्णसंख्या पंचविशीच्या घरात गेली. काही बातम्यांनी हे कुटुंब 'हजहून' परतल्याचे लिहिले. वास्तविक हज इस्लामी पंचांगातील जिल्हिज महिन्यात होतो आणि २०२०मध्ये तो जुलैअखेरीस आला. मार्चमध्ये होते ती उमरा, म्हणजे वर्षात केव्हाही करता येणारी मक्केची यात्रा. चूक किरकोळ, पण एखाद्या शेजाऱ्याला विचारले असते तरी टळली असती. (आषाढीला कार्तिकी छापले तर सकाळी सातला कार्यालयात फोन खणखणतात.) महिनाअखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची, म्हणजे तबलिगी जमातच्या केंद्रात जमलेल्यांमध्ये बाधित आढळल्याची बातमी आली, आणि वाहिन्यांवरच्या 'कोरोना जिहाद'च्या गदारोळात आधीच्या, त्याच्याशी संबंध नसलेल्या इस्लामपूरचाही उल्लेख त्याच सुरात होऊ लागला. गावाच्या नावाने हा गोंधळ आणखी सोपा केला. पुढे बहुतेक रुग्ण बरे झाले. साखळी कशी तुटली याच्या बातम्याही आल्या, पण तोवर चर्चा दुसरीकडे गेली होती.

मरकजप्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी तिथे सहभागी झालेल्या २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांनी या परदेशी लोकांविरुद्ध मोठा प्रचार केला, त्यांना बळीचा बकरा करण्यात आल्याचे दिसते, असे न्या. टी. व्ही. नलावडे यांनी निकालपत्रात नोंदवले. न्या. एम. जी. शेवलीकर यांनी गुन्हे रद्द करण्यास संमती दिली, मात्र काही निरीक्षणांशी ते सहमत नव्हते. मालेगाव २००६ स्फोटप्रकरणातील मुस्लिम आरोपींना २०१६मध्ये न्यायालयाने दोषमुक्त केले. अटकेची आठ कॉलमी आणि सुटकेची सिंगल कॉलम हे प्रमाण पत्रकारितेत सर्वांनाच भोगावे लागते. संशय संपूर्ण समाजावर पसरतो तेव्हा त्याची किंमत वेगळी असते.

सलोख्याच्या बातमीतही एक साचा आहे. वाळवा तालुक्यातील गोटखिंडी येथे गणपती मशिदीत बसतो. कडेगावच्या उंच ताबुतांच्या मोहरममध्ये हिंदूंचे मानपान ठरलेले आहेत. या बातम्या दरवर्षी 'ऐक्याचे दर्शन' म्हणून येतात. गावकऱ्यांना जी नेहमीची रीत, ती बातमीत अपवाद बनून येते. मिरजेत सप्टेंबर २००९मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, अफजलखान वधाचे चित्र असलेल्या गणेशोत्सवाच्या कमानीवरून दंगल उसळली. तेव्हापासून तिथल्या प्रत्येक उत्सवाच्या बातमीत 'संवेदनशील' हे विशेषण चिकटले. मिरजेतल्याच ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे आणि उरुसात तिथे गायनाची हजेरी लागते. ती बातमी वेगळ्या पानावर, वेगळा बातमीदार देतो.

उलट तक्रारही ऐकू येते, की मुस्लिम आरोपी असला की माध्यमे धर्म झाकतात. 'विशिष्ट समाज' या शब्दाने तिला खतपाणीच घातले आहे.

प्रेस कौन्सिल वृत्तपत्राला ताकीद देऊ शकते, दंड करू शकत नाही. वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने फेब्रुवारी २०२४मध्ये 'लव्ह जिहाद'विषयक कार्यक्रमांबद्दल काही वाहिन्यांना दंड केला, पण या संस्थेचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटात फिरणाऱ्या पोर्टलच्या चित्रफिती तर या दोन्हींच्या बाहेरच राहतात, आणि मोहल्ल्यात पेपर यायच्या आधी त्या पोचलेल्या असतात.