ग्राहक फोनला विचारतो, तेव्हा तुमचं दुकान सापडतं का?

नमस्कार.

पाट्या, फ्लेक्स, वेबसाइट आणि गुगलवरची नोंद अशा कामांसाठी आमच्याकडे येणाऱ्या दुकानदार, दवाखाने, मेस आणि गॅरेजवाल्या मंडळींसाठी हे पत्रक आहे. ‘व्हॉइस सर्चचं (म्हणजे टाइप न करता फोनला बोलून शोधण्याचं) काय करायचं?’ असं हल्ली बरेचजण विचारतात. बहुतेकांना कुणीतरी फोन करून त्याचं ‘पॅकेज’ गळ्यात मारायचा प्रयत्न केलेला असतो. पैसे मोजण्याआधी एवढं वाचा.

मराठीत बोलून शोधायची सोय गुगलनं ऑगस्ट २०१७ मध्ये आणली. हिंदी आधीपासून होतीच. त्याच वर्षी ॲमेझॉनचा इको, म्हणजे विचारलेल्याला बोलून उत्तर देणारा स्पीकर, भारतात आला आणि वर्ष संपता संपता जिओफोनवर गुगल असिस्टंट हा बोलून वापरायचा मदतनीसही. फोनवर मराठी टाइप करायचा ज्यांना कंटाळा, त्यांची यामुळे मोठी सोय झाली.

टाइप करणारा माणूस शब्दांची काटकसर करतो: ‘पंक्चर मिरज’. तोच माणूस गाडी कडेला लावून बोलतो तेव्हा म्हणतो, “इथं जवळ आत्ता पंक्चर काढणारं कोण उघडं असेल?” ‘जवळ’ कळण्यासाठी गुगल नकाशावरची तुमची खूण बघतं, ‘आत्ता’साठी तुमच्या वेळा आणि ‘पंक्चर’साठी तुम्ही निवडलेला व्यवसायाचा प्रकार व दिलेल्या सेवा. स्थानिक निकाल लावताना मागणीशी जुळणी, अंतर आणि दुकानाचा नावलौकिक पाहतो, असं गुगल स्वतःच सांगतं. फोनच्या पडद्यावर निदान यादी तरी दिसते. स्पीकर मात्र एकदोन नावं वाचून गप्प बसतो.

वेळा: सगळ्यात दुर्लक्षित रकाना

बहुतेक नोंदींत ‘सकाळी ९ ते रात्री ९’ असं ठोकून दिलेलं असतं. प्रत्यक्षात दुपारी १ ते ४ शटर खाली. (पुण्याला उगाच नावं ठेवतात, ही पद्धत आपल्याकडेही आहे!) अडीच वाजता कुणी “आत्ता उघडं मेडिकल” विचारलं, तर फोन त्याला तुमच्या बंद दारात आणून उभा करतो. तो चिडून एक स्टार देऊन जातो. एकाच दिवसाच्या दोन वेळा भरता येतात: ९ ते १, ४ ते ९. साप्ताहिक सुट्टी वेगळी नोंदवता येते. दिवाळी, गणपती, गावची जत्रा अशा दिवसांसाठी तारखेनुसार खास वेळा टाकता येतात. पाच मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, आणि आमच्या मते कुठल्याही पॅकेजपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

नाव पाटीवर आहे तेच ठेवा. ‘समर्थ टायर्स बेस्ट पंक्चर शॉप स्वस्त आणि मस्त’ असली शेपटं जोडू नका. ते गुगलच्या नियमात बसत नाही आणि नोंद निलंबित होऊ शकते. वर्णनात मात्र लोक बोलतात तसं लिहा: ‘घरपोच डबा’, ‘उपवासाचं मिळेल’, ‘जुन्या स्टँडच्या मागं’. समाधानी ग्राहकाला अभिप्राय मराठीतच लिहायला सांगा. त्याबदल्यात सूट किंवा भेट देऊ नका, तेही नियमाबाहेर आहे.

आयफोनवाले सिरीला, म्हणजे आयफोनमधल्या बोलक्या मदतनीसाला, विचारतात. तिथं ॲपल मॅप्सची माहिती वापरली जाते, म्हणून तिथलीही नोंद एकदा तपासून घ्या.

‘निम्मे लोक बोलूनच शोधतात’

पॅकेज विकणारे हा आकडा हमखास फेकतात. त्याचं मूळ २०१४ सालचं आहे. तेव्हा बायडू या चिनी कंपनीत असलेले अँड्र्यू एन्ग म्हणाले होते, की पाच वर्षांत निदान निम्मा शोध बोलून किंवा चित्रांवरून होईल. तो अंदाज होता, मोजणी नव्हती. पुढे त्यातली चित्रं गळाली आणि अंदाजाची आकडेवारी झाली.

आणखी एक. तुमच्या नोंदीवर किती फोन आले, किती जणांनी रस्ता विचारला, कोणते शब्द शोधले, हे गुगल दाखवतं. त्यातलं बोलून किती आणि टाइप करून किती, ते मात्र वेगळं काढून देत नाही. त्यामुळे ‘व्हॉइस सर्चचा मासिक रिपोर्ट देऊ’ म्हणणाऱ्याला तो आकडा कुठून आणणार, एवढंच विचारा.

गुगलवरची नोंद मोफत आहे. ‘गुगलमधून बोलतोय, फी भरा नाहीतर नोंद बंद होईल’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. पडताळणीचा कोड कुणालाही सांगू नका, आम्हालाही नाही.

आमच्याकडे येताना

नोंद तुमच्याच जीमेल खात्यावर राहील. आम्हाला फक्त मॅनेजर म्हणून जोडा आणि काम झालं की काढून टाका. पूर्वी दुसऱ्या कुणी त्याच्या खात्यावरून नोंद केली असेल, तर मालकी परत मागता येते, त्याचा अर्ज आम्ही भरून देतो. ते जीमेल खातं चालू असलेला फोन आणि दुकानाच्या खऱ्या वेळा लिहिलेला कागद आणा. पडताळणीसाठी बहुधा व्हिडिओ लागतो: रस्ता, पाटी आणि दुकानाचं आतलं सलग चित्रण. तो दुकानातच काढावा लागतो, त्यासाठी आमचा माणूस तुमच्याकडे येईल.